बीडचे पाणी

बेट म्हटले की शहरवासी गृहस्थाच्या डोळ्यांपुढे निळा समुद्र, माडांच्या रांगा आणि ओली वाळू उभी राहते. या सुखासाठी अंदमानापर्यंत किंवा लक्षद्वीपापर्यंत जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. बीड जिल्ह्याला समुद्र नाही. तो पश्चिमेस सुमारे ३०० किलोमीटरांवर राहिला. तरीही खुद्द बीड शहरात एक चिमुकले बेट आहे. तळ्याच्या मध्यभागी काळ्या पाषाणाचे कंकालेश्वराचे देऊळ उभे असून चहूंकडून पाण्याने वेढलेले आहे. देवळाची आखणी ताऱ्याच्या आकाराची आहे. त्यामुळे भिंतींना असंख्य कोन पडून उन्हाची तिरीप प्रत्येक घटकेस निराळ्या मूर्तीवर येते. त्या मूर्तींत शस्त्रे धारण केलेल्या स्त्रिया आहेत, त्या अवश्य पाहाव्यात. महाशिवरात्रीस येथे यात्रा भरते. एरवी सकाळच्या प्रहरी गेल्यास देवळाचे प्रतिबिंब निवांतपणे पाहता येते, आणि ज्याला घाई नाही अशा पाहुण्याला त्यातच तासभर सहज लागतो.

सरासरी सुमारे ६५० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात देव पाण्यात का बसविला असावा, हा प्रश्न पाहुण्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर शहराबाहेर पडून पाण्याच्या मागाने जावे. या जिल्ह्यात उघड्यावर पाहण्यासारखे जे जे काही आहे, ते बहुतेक सारे पाण्याने घडविलेले किंवा पाण्यासाठी घडविलेले आहे.

बीडपासून सोलापूरच्या रस्त्याने पाचसहा किलोमीटर गेले की खजाना विहीर लागते. अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५७२ च्या सुमारास, येथील जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. तिचा कारागीर राजा भास्कर होय. जहागिरीचा खजिना तिच्यावर खर्ची पडला म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. वरून पाहणाऱ्याला ती एक मोठी गोल विहीर दिसते आणि पुष्कळ प्रवासी तेवढेच पाहून परततात; ही मात्र मोठी चूक होय. तिचे खरे कौतुक जमिनीच्या पोटात आहे. वरच्या अंगाच्या भूमीत झिरपलेले पाणी भुयारांवाटे विहिरीत येते आणि दुसऱ्या भुयाराने खालच्या अंगाच्या शेतांकडे निघून जाते. मोट नाही, बैल नाही, नाडा नाही. जमिनीचा उतार हाच तेथला गडी. भुयाराला उतार थोडा अधिक दिला असता तर पाणी माती खरवडून नेते, थोडा कमी दिला असता तर गाळ साचतो. साडेचारशे वर्षांपूर्वी हे मोजमाप अचूक साधणाऱ्या माणसाचे नाव शाळेच्या क्रमिक पुस्तकांत क्वचितच आढळावे, याचे नवल वाटते. अशी विहीर एकटी जगत नाही. भोवतालची भूमी जोवर पाऊस मुरवून घेते, तोवरच तिला पाणी. वरच्या अंगास खोल विंधनविहिरी घेऊन तेच पाणी आधी उपसले गेले, तर राजा भास्कराचे गणित कितीही बिनचूक असले तरी भुयार कोरडे पडावयाचे.

येथून पश्चिमेस पाटोदा तालुक्याकडे वळले म्हणजे बालाघाटाची रांग लागते. हा डोंगर फार उंच नाही, परंतु त्याचे काम मोठे आहे. त्याच्या एका अंगाचे पाणी मांजरा नदीतून गोदावरीस मिळते. दुसऱ्या अंगाचे विंचरणा, सीना व भीमा या वाटेने कृष्णेस जाते. एकाच माळावर पडलेल्या दोन सरी अशा दोन महानद्यांत वाटल्या जाऊन शेवटी पूर्वेच्या समुद्राला भेटतात. विंचरणा सौताड्याजवळ पठाराच्या कडेवरून एकाएकी खाली कोसळते, आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. श्रावणात वरून नुसता धबधबा पाहून समाधान मानू नये. खाली उतरावे, म्हणजे पाण्याचे तुषार अंगावर येतात आणि कातळाची उंची मानेला कळते. मात्र ओल्या काळ्या खडकावरील शेवाळ कोणाचीही भीडभाड ठेवीत नाही. कड्याच्या टोकावर उभे राहून छायाचित्र काढून घेण्याचा मोह आवरावा आणि लहान मुलांचा हात सोडू नये.

पाटोदा तालुक्यातच नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेले हे रान सुमारे ३० चौरस किलोमीटरांचे असून खुरट्या झाडीचे व गवताळ माळांचे आहे. पिसारा फुललेला मोर पाहावयाचा तर पहिल्या पावसाच्या सुमारास, पहाटे किंवा दिवस कलल्यावर जावे. पावसाळा सरता सरता त्याची पिसे गळतात. ती रानातच राहू द्यावीत. अभयारण्यातून काही उचलून न्यावयाचे नसते.

गडांची आवड असणाऱ्याने धारूरला जावे. आदिलशाही सरदार किश्वरखान याने १५६८ मध्ये बांधलेला हा किल्ला लगेच निजामशाहीत गेला, आणि १६३१ मध्ये आझमखानाने तो मोगलांसाठी जिंकला. तो काळ दख्खनच्या भयंकर दुष्काळाचा होता. हे ध्यानात ठेवून किल्ल्यातील पाण्याचे साठे पाहिले म्हणजे तटबंदीइतकेच त्यांचेही महत्त्व पटते. अंबेजोगाईस आद्यकवी मुकुंदराजांची समाधी बालाघाटाच्या दरीत आहे; तेथे पावसाळ्यानंतर चालत जाण्यासारखे सुख नाही. परळीच्या वैद्यनाथाची महती तर सर्वश्रुत आहे.

आता केव्हा जावे, हा प्रश्न राहिला. शहरी कुटुंबांना दिवाळीची सुटी सोयीची असते, आणि बीडच्या बाबतीत नेमकी तीच वेळ अवघड. तोवर सौताड्याची धार बारीक झालेली असते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे बिऱ्हाडासह निघून जातात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, पोरेबाळे सारे रस्त्यावर असते. गावात गेलेल्या पाहुण्याला कुलूप घातलेल्या घरांची रांग आणि ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे भेटतात. श्रावण-भाद्रपदात मात्र घरे नांदती असतात, रानात बाजरी व कापूस उभा असतो, आणि वाट विचारली तर वाटेबरोबर भाकरीही मिळते. चहाची टपरी, भाड्याची जीप, घरगुती जेवण यांवर पाहुण्याने खर्चिलेला रुपया ज्या महिन्यांत घरी असलेल्या माणसाच्या हाती पडतो, ते महिने हेच.

ज्यांना दिवाळीनंतरच सवड होते, त्यांनी कार्तिकी पौर्णिमा साधून मांजरसुंब्याजवळील कपिलधारेस जावे. तेथे मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातून, कर्नाटकातून व तेलंगणातून भाविक येतात. जवळच डोंगरातून धबधबा उतरतो. बीड शहरास आगगाडीची वाट अनेक पिढ्यांनी पाहिली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून ती सुरू झाली आहे. चैत्र-वैशाखात जाणे टाळणे बरे. जावेच लागले, तर पिण्याचे पाणी बरोबर न्यावे आणि उतरलेल्या घरी स्नानाला एक बादली पुरेशी मानावी. कारण त्या दिवसांत ती बादली कोणीतरी टँकरवरून भरून आणलेली असण्याचा संभव असतो.