बेणे मोठे की लहान?

बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीत बटाटा पावसाळ्यात लावला जातो. बेणे बहुधा पंजाबातून येते. दोन फुटांच्या सरीत आठ इंचांवर लावण केली तर एकरी सुमारे ३३ हजार डोकी लागतात. बेणे ३० ग्रॅमचे घेतले तर १० क्विंटल, ६० ग्रॅमचे घेतले तर २० क्विंटल! हा खर्च शेतकऱ्याला झेपत नाही, आणि मग सुरी हाती येते.

थंडीच्या कोरड्या हवेत कापलेले बेणे एक वेळ निभावते. पावसाळी ओलीत फोड कुजते. शिवाय मर रोगाचे जंतू एका बटाट्यातून दुसऱ्यात नेण्याचे काम ती सुरीच करते. हे जंतू तंबाखूलाही सोडत नाहीत, हे निपाणीकरांनी ध्यानी ठेवावे. दोन्ही पिके एकाच कुळातील. खरिपात ३० ते ५० ग्रॅमचे अखंड बेणेच बरे.

फार मोठ्या बेण्याला कोंब पुष्कळ फुटतात, बटाट्यांची संख्या वाढते, पण आकार घटतो. पाला दाट झाला की आत ओल कोंडते, आणि करप्याला तेच हवे असते. १८४५ साली आयर्लंडात दुष्काळ ओढवला तो याच करप्यामुळे.

मग बाजारात न खपलेला बारीक माल लावावा काय? खरी फसगत येथेच आहे. विषाणूने ग्रासलेल्या झाडाला बटाटे लहानच लागतात. असा माल वेचणारा नकळत रोगच वेचतो, आणि पुढे मावा तो शेतभर पसरवतो. लहान बेणे घ्यावे ते, जेथे पाने गुंडाळलेली झाडे वेळीच कंदांसह उपटली गेली, अशा शेतातले.