निसर्ग वैरी नव्हे, सोयराही नव्हे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



पावसाने दगा दिला की ‘निसर्ग कोपला’ असे म्हणण्याची रीत खानदेशात आहे, तशी ती साऱ्या महाराष्ट्रात आहे. हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यात एक संपूर्ण तत्त्वज्ञान दडलेले आहे याचे भान राहत नाही. कोपायला मन लागते, हेतू लागतो. तापीला मन नाही, ढगाला हेतू नाही. मग हा कोप कोणाचा? आणि तो कोप आहे असे मानल्याने सोय कोणाची होते?

सृष्टी मुळातच दुष्ट आहे, की ती केवळ तटस्थ आहे, हा वाद पंडितांचा वाटतो. अमळनेरला 1916 साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, तेथे अद्वैत वेदान्ताचे अध्ययन चाले. त्याच गावात कापडगिरणीचा भोंगाही वाजे. जग माया आहे की सत्य, या प्रश्नाचे उत्तर शोधायला अभ्यासकाला वर्षे मिळत. पाळीवर निघालेल्या कामगाराला ते भोंग्यासरशी मिळे. तथापि प्रश्न टाकाऊ नाही. त्याच्या उत्तरावरच कार्यकर्त्याने हात जोडून बसायचे की हातपाय हलवायचे, हे ठरते.

1934 च्या जानेवारीत बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाचे हे दैवी शासन आहे, असे गांधीजींनी सांगितले. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो ‘हरिजन’मध्ये छापला. अस्पृश्यता हे पापच होते, त्याविषयी दोघांत दुमत नव्हते. पण भूकंपाने सवर्णाचा वाडा आणि अस्पृश्याची झोपडी यांत निवड केली नव्हती. धरणीकंपाला न्यायाधीश मानले की उद्या कोणीही सनातनी उठून मंदिरप्रवेशामुळेच भूकंप झाला असे म्हणू शकतो, आणि त्याला उत्तर उरत नाही. गांधीजींचा हेतू थोर होता. युक्तिवाद मात्र रवींद्रनाथांचा खरा होता.

याच्या दोन वर्षे आधी, 1932 साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. गीतेचा सोळावा अध्याय दैवी आणि आसुरी संपत्तीचा आहे. तेथे दंभ, दर्प, क्रोध, लोभ यांची गणना आहे. महापुराची किंवा अवर्षणाची नाही. दुष्टपणाचा पत्ता माणसाच्या वृत्तीत शोधायचा, ही दृष्टी श्रद्धावानालाही परकी नाही. गुरुजी स्वतः परम श्रद्धाळू होते. परंतु पूर्व खानदेशातील शेतकऱ्यांवर दुष्काळ कोसळला तेव्हा त्यांनी नुसती प्रार्थना सांगितली नाही, शेतसारा माफ करण्याची मागणी केली. पाऊस सरकारच्या हाती नव्हता, सारा सोडणे होते.

आता दुष्काळाकडेच पाहावे. 1899-1900 चा, पश्चिम भारतात ‘छप्पनचा’ म्हणून ओळखला गेलेला दुष्काळ आला तेव्हा जळगाव-भुसावळवरून आगगाडी धावत होती. दूरचे धान्य आणण्याचे साधन होते. पण अवर्षणाने शेतीचे काम थांबते, काम थांबले की मजुरी थांबते, आणि मजुरी नसलेल्या माणसाला भरलेल्या दुकानासमोरही उपाशी राहावे लागते. हे 1880 च्या सरकारी दुष्काळ आयोगालाही कळले होते. कळूनही माणसे मेली. 1972 सालीही पाऊस रुसला. या वेळी 1973 च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडण्याचे ते जिणे सुखाचे नव्हते, हाल अपरंपार झाले. पण ‘छप्पन’सारखा नरसंहार झाला नाही. दोन्ही वेळा आभाळ कोरडेच होते. फरक पडला तो लोकांच्या दडपणाने आणि राज्यकर्त्यांना मते मागावी लागत होती म्हणून. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये संमत झाला.

त्याच 1972 साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांनी आधीच जागे केलेले भिल्ल शेतमजूर, हातून गेलेल्या जमिनींचा हिशेब मागू लागले. पाऊस सर्वांच्याच शिवारात पडला नव्हता. पण विहीर कोणाच्या बांधावर आणि कर्जाचा कागद कोणाच्या पेटीत, हे ढगांनी ठरवलेले नव्हते.

निसर्गाला राक्षस म्हणणे जितके चूक, तितकेच त्याला माउली म्हणून डोळे मिटणेही चूक. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी तरुणपणी वैधव्य भोगले, प्लेगचा घाव घरात सोसला. तरीही त्यांच्या कवितेतील धरित्री वैरीण होत नाही, आणि तिचा भाबडा देव्हाराही होत नाही. तेथे नांगर आहे, पेरणी आहे, कष्ट आहेत. मातीशी रोज काम पडणाऱ्याला मातीची स्तुती किंवा निंदा करायला फारशी सवड नसते.

धुळे जिल्ह्यातील पांझरेकाठची फडपद्धती हेच सांगते. नदीवर बंधारा, पाटाखालील जमिनीचे फड, एका फडात एक पीक, बहुतेकांची थोडीथोडी जमीन वेगवेगळ्या फडांत, आणि पाणी वाटायला गावानेच नेमलेला पाटकरी. पाणी आटले तर फड कमी भिजवायचे. तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा. शेकडो वर्षे ही रीत चालली. नदीची मर्जी राखायला नवस बोलले गेले असतील, नाही असे नाही. पण पाणी टेलाच्या माणसापर्यंत पोहोचले ते पाटकऱ्याच्या फावड्याने.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. सृष्टी तटस्थ असेल, तर आजच्या वाढत्या उष्म्याचे काय? जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांपलीकडे जातो. उन्हाळा येथे पूर्वीही कडकच होता. पण कोळसा आणि तेल जाळून माणसाने पृथ्वीचे वातावरण तापवले आहे, हे आता निर्विवाद आहे. म्हणजे जी गोष्ट काल केवळ निसर्गाची होती तीत आज माणसाची करणी मिसळली आहे. सृष्टी अजूनही तटस्थच आहे. जेवढा धूर दिला तेवढाच ताप ती परत करते. फक्त धूर सोडणारा एक आणि भर दुपारी केळीच्या बागेत घड वाहणारा दुसरा. त्या दुपारी काम थांबवले तर त्याची मजुरी कोणी भरायची, हे पांझरेच्या पाटकऱ्यासारखे कोणीतरी नेमून द्यावे लागेल. आणि त्यासाठी बागांतल्या मजुरांची संघटना आधी बांधावी लागेल.