डॉक्टरांचा एक शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी पडले डॉक्टर; तेव्हा माझे बोलणे औषधपाण्याचेच असणार.

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून मुलींचे रक्षण करणारी लस आज उपलब्ध आहे. एच. पी. व्ही. या विषाणूचा संसर्ग होण्यापूर्वी, म्हणजे नऊ ते चौदा या वयात ती टोचून घेणे उत्तम. पण आई विचारते, "डॉक्टर, देऊ ना?" त्या वेळी आम्ही कशाच्या आधारे उत्तर देतो? प्रत्येक डॉक्टर काही स्वतः संशोधन करीत नाही. तज्ज्ञांच्या समित्या पुरावा तपासून वय आणि डोस ठरवितात. आम्ही त्यांचा आधार घेतो. समितीने "द्या" म्हटले की आमचा शब्द ठाम होतो. ती कचरली की आम्हीही "तुमची इच्छा" म्हणून मोकळे होतो, आणि आईच्या मनात शंका घर करते.

जपानचेच पाहा. तेथे एप्रिल २०१३ मध्ये ही लस नित्याच्या लसीकरणात आली. पुढे काही मुलींना वेदना व इतर त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या, आणि जूनमध्येच सरकारने आपली आग्रहाची शिफारस थांबविली. लस बंद झाली नव्हती. ती मोफतच मिळत होती. थांबला तो फक्त आग्रह. तरी सुमारे सत्तर टक्क्यांवर असलेले लसीकरणाचे प्रमाण एका टक्क्याच्याही खाली गेले! नागोया शहरात सुमारे तीस हजार मुलींची पाहणी झाली. लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलींत त्या तक्रारींचे प्रमाण लशीमुळे वाढल्याचे तीत आढळले नाही. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडले. मधल्या वर्षांत वयात आलेल्या मुलींना नंतर लस देण्याची सोय करावी लागली.

भगिनींनो, तक्रारींची चौकशी व्हायलाच हवी. पण चौकशीचा निकाल आईपर्यंत पोहोचविणे हेही आम्हा डॉक्टरांचे कर्तव्य आहे. तेव्हा डॉक्टर "तुमची इच्छा" म्हणाले, तर तेवढ्यावर उठू नका. "तज्ज्ञांचे मत काय? तुमच्या मुलीला तुम्ही दिली असती का?" असे नि:संकोच विचारा. आणि लस घेतली तरी पुढे योग्य वयात तपासणी चुकवू नका.