कोरफड का कुजली?

(वर्गात केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हांला आमचीच एक चूक सांगणार आहोत. चूक सांगायला लाज कसली? एकाची चूक ऐकून दहा जण शहाणे झाले, तर ती वाया गेली नाही.

आमचा वर्ग रात्री भरतो. वर्गाच्या ओटीवर आम्ही १२ कुंड्यांत कोरफड लावली होती. त्यांतली पहिली कुंडी वर्गातल्या एका आजींनी दिलेली. त्यांच्या माहेरच्या परसातले ते पिल्लू. आता ते घरही नाही आणि ते परसही नाही. राहिली ती एवढी कोरफड. तिचीच पिल्ले काढून आम्ही बाकीच्या ११ कुंड्या भरल्या. झाडे वाढली की विकायची आणि त्या पैशांत वर्गाला वह्या-पाट्या घ्यायच्या, असा बेत होता.

उन्हाळ्यात झाडे ठणठणीत होती. मग आषाढ लागला. कुंड्या नेमक्या पागोळ्यांखाली होत्या. शिवाय येता-जाता कोणी ना कोणी तांब्याभर पाणी घाली. सगळ्यांचीच माया! पंधरा दिवसांत खालची पाने पिवळी पडली. आम्हांला वाटले, झाड तहानले. आम्ही आणखी पाणी घातले. एके दिवशी आजींनी पान धरून कुंडी सरकवायला घेतली, तर झाड अलगद हातात आले. खाली मुळे नव्हतीच. काळा चिखल होता आणि घाण वास येत होता. आजी काही बोलल्या नाहीत. आम्हांला मात्र मान वर करवेना.

असे का झाले? कोरफडीचे पान म्हणजे भरलेली घागर. हे झाड पाणी साठवून ठेवते आणि पुरवून पुरवून वापरते. त्याला रोज पाणी नको. दुसरी गोष्ट अशी की, मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमध्ये हवा असते. तिथे पाणी साचले की हवा निघून जाते. मुळे गुदमरतात, कमजोर होतात. मातीतली बुरशी टपलेलीच असते. ती मुळांत शिरते आणि तिथून खोडात चढते. कधी जंतूही जोडीला येतात. मग घाण वास सुटतो. मुळेच मेली, तर पाणी ओढणार कोण? म्हणून पाण्यात उभे असूनही झाड सुकलेले दिसते. आम्ही फसलो ते इथेच.

तेव्हा आधी रोग ओळखा. मातीत बोटाची दोन पेरे घाला. माती कोरडी, पान पातळ आणि सुरकुतलेले पण घट्ट, तर झाड तहानलेले आहे. माती ओली, पान मऊ आणि पाणचट, बुंधा काळसर, झाड डुगडुगते, तर ती कूज समजा. पान तांबूस पण टणक असेल, तर ते बहुधा उन्हामुळे. पानावर खोलगट तपकिरी ठिपके पडून पसरत असतील, तर तो बुरशीचा ठिपका.

आता उपाय ऐका. झाड कुंडीतून काढा. मुळे धुऊन पाहा. चांगले मूळ घट्ट असते, कुजलेले मूळ चिमटीत धरताच सोलते. धारदार सुरी घ्या. कुजलेला भाग कापा. प्रत्येक वेळी सुरी स्पिरिटने पुसा, नाहीतर आपणच रोग वर नेऊ. खोडाचा काप स्वच्छ दिसेपर्यंत कापत जा. मध्ये तपकिरी डाग दिसला, तर अजून कापा. इथे दया दाखवू नका. मग झाड सावलीत, वाऱ्यावर ठेवा. पाच-सात दिवसांत जखमेवर खपली धरते. खपली धरल्यावरच लावा.

माती कशी घ्यावी? एक भाग माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग विटेचा चुरा. कुंडीला भोक हवेच. डबा असेल, तर तळाला भोके पाडा. भोकावर खापरीचा तुकडा ठेवा. लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नका. पुढे माती पुरी वाळल्यावरच द्या.

ठिपक्यांची पाने काढून टाका. पानांवर पाणी शिंपडू नका. रोग पसरतच असेल, तर १ लिटर पाण्यात अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून फवारतात. हे तांब्याचे औषध आहे. तांब्याच्या औषधाची गोष्ट मोठी गमतीची आहे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत, म्हणून मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेली रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांनी १८८२ साली पाहिले. त्यातून बोर्डो मिश्रण निघाले. आपले द्राक्षबागाईतदारही ते वापरतात. पण लक्षात ठेवा, औषधाने कुजलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. आणि औषध मारलेल्या झाडाचा गर खाऊ नका, अंगालाही लावू नका.

आमच्या १२ कुंड्यांपैकी ७ कुजल्या होत्या. ३ झाडे पार गेली. ती आम्ही खतात न टाकता दूर पुरली. कुंड्या घासून उन्हात वाळवल्या. आजींच्या झाडाचे खोड कापता कापता वीतभर शेंडाच उरला. तो आम्ही वाळवून लावला. मग महिनाभर कोणी तांब्या हातात घेतला नाही, हेच सर्वांत अवघड गेले! एके सकाळी शेंड्यातून नवे पान डोकावले. आजींनी हलकेच झाड हलवून पाहिले. ते हलले नाही. मुळे धरली होती.

आता कुंड्या पागोळ्यांपासून दूर आहेत आणि बोट घालून पाहिल्याशिवाय पाणी घालायचे नाही, असा वर्गाचा नियम आहे. तो आजींनीच पाटीवर लिहिला आहे. खाली त्यांनी आणखी तीन शब्द लिहिले आहेत: अति तेथे माती.