रुसलेला कूलर आणि दुपारचा बैल



विषय कळल्यावर तुम्हा तेल्हाऱ्याच्या श्रोत्यांमधल्या एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरातल्या यंत्रांना भावना असतात का, याच्यावर तासभर काय बोलता? नसतात म्हना अन् बसा." सूचना चांगली आहे. नसतात, हे मी आधीच सांगून टाकतो. पण लगेच बसत नाही, कारण वैशाखात तेल्हाऱ्याला राहणारा माणूस तोंडानं 'नसतात' म्हणतो आणि घरी जाऊन कूलरची समजूत काढतो.

फ्रीज, मिक्सर ही उपकरणं. कूलर मात्र वऱ्हाडात घरातलं माणूस असतं. होळी झाली की त्याच्यावरचं पोतं काढायचं, टाकी घासायची, जुन्या ताट्या फेकून नव्या भरायच्या. पारा ४५च्या पुढे गेला की सगळ्या घराची झोप त्याच्या मर्जीवर. पावसाळ्यात हवा ओली झाली की पाणी उडेनासं होतं, गारवा संपतो आणि स्वारी पुन्हा पोत्यात जाते. एवढ्या तीन महिन्यांत त्याच्याशी जितकं बोलणं होतं, तितकं काही घरांत जावयाशीही होत नसेल.

आता त्याचा रुसवा पाहू. कित्येक घरांत बटन दाबलं तरी पंखा फिरत नाही, नुसता गुणगुणतो. मग कोणीतरी जाळीतून काडी घालून पात्याला ढोसतं, आणि तो सुरू होतो. गंमत म्हणजे हे काम घरातल्या एकाच माणसाला जमतं. "बाबाच्याच हातानं चालते थो," असं पोरं कौतुकानं सांगतात. खरी गोष्ट अशी की, घरच्या एक फेजच्या विजेवर ही मोटर आपली आपण फिरायला लागूच शकत नाही. पहिल्या धक्क्यासाठी तिच्यात कपॅसिटर असतो. तो कमजोर झाला की धक्का द्यायला माणूस लागतो. एकदा फिरली की मग ती फिरत राहते. बाबांना जमलेलं असतं ते इतकंच, की कोणत्या बाजूनं ढोसायचं. चुकीच्या बाजूनं ढोसलं तर ती उलटीही फिरू शकते. त्यात व्होल्टेज उतरलेलं असलं की आणखी पंचाईत. व्होल्टेज निम्मं झालं तर सुरुवातीचा जोर निम्मा राहत नाही, चौथाई राहतो. तेव्हा कपॅसिटर बदला, आणि कृपा करून ती काडी सोडा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात.

दुसरं दुखणं पाण्याचं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा मी तुम्हाला समजावून सांगणं म्हणजे उद्धटपणाच. कूलरमधलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ताटीवर पांढरा थर चढतो, पंपाच्या तोंडाशी खडे धरतात, पाणी वर चढेना की पंप तापतो. आपण म्हणतो, "कूलर थकला बापा." या बोलण्यात एक सोय आहे. रुसव्याला कोणी जबाबदार नसतं. खाऱ्या पाण्याला, पडत्या व्होल्टेजला, न बसवलेल्या अर्थिंगला कोणीतरी असतं, आणि त्याच्या दारात जावं लागतं.

थकव्याची गोष्ट मात्र मी एवढ्यावर सोडणार नाही. कलकत्त्याला शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस बिनतारी लहरी टिपणाऱ्या यंत्रावर काम करत होते. सतत वापरलं की ते मंदावतं आणि विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होतं, असं त्यांना दिसलं. मग त्यांनी कथिल, प्लॅटिनम असे धातू, वनस्पती आणि प्राण्यांचे स्नायू यांना चेतवून विजेचा प्रतिसाद मोजला. आलेख विलक्षण सारखे निघाले. काही रसायनांनी धातू उत्तेजित होई, काहींनी त्याचा प्रतिसाद बंदच पडे. १९०० साली पॅरिसला आणि १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे मांडलं. १९०२ साली पुस्तक आलं. शरीरशास्त्रज्ञ खवळले. बोस सजीव-निर्जीवांच्या एकतेबद्दल भरभरून बोलत, हे खरं. पण त्यांच्या आलेखावर होता तो प्रतिसाद, वेदना नव्हे. आपला मोटर बांधणारा कारागीरही "हिनं लय सोसलं" म्हणतो, पण म्हणता म्हणता बुश हलवून पाहतो, वाइंडिंगचा वास घेतो. त्याच्या त्या बोलण्याला माझी हरकत नाही.

वस्तूवर जीव लावायची ही सवय आपल्याला कुठून लागली असेल? मला वाटतं, बैलाकडून. वखर असो की तिफण, अवजारापुढे एक जिवंत जनावर होतं, आणि त्याचा रुसवा खरा होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप लावून खांदा शेकायचा आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, हा रिवाज सुजलेल्या खांद्यातून आला. बैल गोठ्यातून गेला, ती माया मागे राहिली. दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालतात. ती कृतज्ञता, छान आहे. पण काही गावांत आता पोळ्यालाही ट्रॅक्टर सजवून आणतात. हौसेला माझी ना नाही, मात्र ट्रॅक्टरचा खांदा सुजत नाही. जपानी लोक याच्याही पुढे गेले. सोनी कंपनीनं १९९९ साली आयबो नावाचा यंत्रकुत्रा विकायला काढला. पुढे त्याची दुरुस्ती बंद झाली, तेव्हा चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंचे अंत्यविधी होऊ लागले. आपण हसू नये. जुनी शिलाई मशीन भंगारात देताना आपल्याकडेही डोळे भरतात.

आतापर्यंतची यंत्रं निदान मुकी होती. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा हा संगणकाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारी. तो कसा बनला हे महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनं त्याच्याशी दोन-चार वाक्यं बोलल्यावर साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. आज फोनमधला आवाज "माफ करा, मला समजलं नाही" म्हणतो आणि आपल्यालाच ओशाळं वाटतं. कूलरला भावना आपण चिकटवल्या होत्या; फोनमध्ये त्या विकणाऱ्यानं भरून दिल्या आहेत. पहिल्यात भाबडेपणा आहे, दुसऱ्यात धंदा.

शेवटी, ज्याला खरंच त्रास होतो त्याच्यासाठीच्या एका नियमाबद्दल बोलतो. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६०चा. त्याखाली १९६५ साली ओढकाम करणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ जनावराला गाडीला जुंपायचं नाही. म्हणजे तेल्हाऱ्यात आख्खा मे महिना. बैलाला उन्हाचा त्रास होतो हे सरकारनं अंशात लिहून ठेवलंय. कूलर बंद पडल्यावर मात्र आपण दुपारी दोनला कारागिराच्या पोराला टिनावर चढवतो आणि खालून ओरडतो, "लवकर कर बापा, आत जीव चालला!" त्या पोरासाठी तुमच्या गावात काय ठरवता येईल, यावर आता तुम्ही बोला. प्रश्नोत्तरांना वेळ आहे.