हक्काची जागा, हक्काचे पाणी, हक्काचे काम

(महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



जगातले दारिद्र्य आणि ते कमी करण्याची धोरणे, असा विषय आपण मला दिलात. शेती, लोकसंख्या आणि पर्यावरण हे तिन्ही त्यात यावेत, असेही कळवलेत. एवढा मोठा विषय आकडेवारीत हरवू नये, म्हणून मी जिथे राहतो त्या चारकोपपासून सुरुवात करतो.

चारकोप म्हणजे मुंबईतल्या कांदिवली पश्चिमेचे टोक. लिंक रोड ओलांडला की म्हाडाचे सेक्टर सुरू होतात. त्यांच्या पलीकडे जुने चारकोप गाव, मग तिवरे आणि मनोरीची खाडी. चाळीस वर्षांपूर्वी या सेक्टरांच्या जागी बरीचशी दलदल होती. जागतिक बँकेने १९८५ साली मुंबई नागरी विकास प्रकल्पासाठी १३.८ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि त्यातून चारकोप, गोराई अशा वसाहती आखल्या गेल्या. जागा तयार करण्याचे काम म्हाडाने केले.

या योजनेची रीत समजून घेण्यासारखी आहे. सरकारने घर बांधून दिले नाही. रस्ता, पाणी, गटार, शाळेची आणि मैदानाची जागा, एवढे सरकारने केले. पंचवीस-तीस आणि चाळीस चौरस मीटरचे लहान भूखंड कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणाऱ्या किमतीत दिले. मोठे आणि व्यापारी भूखंड चढ्या भावाने विकून लहान भूखंडांचा भार हलका केला. तीस-पस्तीस घरांच्या मधोमध एक सामाईक अंगण ठेवले आणि त्या घरांची मिळून एक सहकारी संस्था केली. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे होते.

लोकांनी तसेच बांधले. आधी चार भिंती आणि वर पत्रा. मुलगा नोकरीला लागला की स्लॅब. भिशी लागली की लाद्या. सून येणार म्हणून वरची खोली. खालच्या खोलीत कुणी शिलाईचे मशीन टाकले, कुणी शिकवणी सुरू केली, कुणी पोळीभाजीचे डबे. घर हे राहण्याचे ठिकाण होते, तसेच कमाईचेही साधन झाले.

प्रकल्प १९९४ मध्ये संपला. तोवर अशा योजनांबद्दल जगभर नाराजी पसरली होती. भूखंड बरीच वर्षे ओस पडतात, काही गरीब कुटुंबे भूखंड विकून निघून जातात, म्हणून योजना फसली, असा निष्कर्ष निघाला आणि जागतिक बँकेनेही त्यांतून अंग काढून घेतले. भूखंड विकले गेले हे खरेच आहे, चारकोपमध्येही विकले गेले. पण केट ओवेन्स, सुमिला गुल्याणी आणि अँड्रिया रिझवी या तीन अभ्यासकांनी वीस वर्षांनी मुंबई आणि चेन्नईतल्या या वसाहती पुन्हा पाहिल्या. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना अपयश म्हटले गेले होते, त्या वसाहती गजबजलेल्या, राहण्याजोग्या आणि वेगवेगळ्या उत्पन्नाच्या लोकांना सामावून घेणाऱ्या झाल्या आहेत, असे त्यांना आढळले. कामाची परीक्षा फार लवकर घेतली गेली होती.

आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच. गरिबाच्या हाती टिकाऊ हक्क आला की गरिबी हटू लागते, आणि तो हक्क फळाला यायला एक पिढी जाते. जागेच्या बाबतीत हे चारकोपने दाखवले. काम, पाणी आणि आरोग्य या बाबतींत ते आपल्या महाराष्ट्राने त्याच्या आधीच दाखवले होते.

आधी कामाचा हक्क पाहू. सप्टेंबर १९७३ मध्ये नैरोबीत जागतिक बँकेच्या सभेपुढे तिचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनामारा यांनी दारिद्र्यावर एक गाजलेले भाषण केले. विकसनशील देशांतली सुमारे चाळीस टक्के माणसे अत्यंत हलाखीत जगतात आणि लहान शेतकऱ्याचे उत्पादन वाढवल्याशिवाय त्यांची सुटका नाही, असे त्यांनी मांडले. त्याच वर्षी आपल्याकडे काय चालले होते, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. १९७२चा दुष्काळ. खडी फोडायला बसलेली माणसे, पाझर तलावांची आणि नालाबंडिंगची कामे, लाल मिलोच्या भाकरी, मुलांना वाटलेली सुकडी. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. एवढी पिके बुडूनही जुन्या दुष्काळांसारखे भयंकर भूकबळी पडले नाहीत, कारण काम मागेल त्याला काम देण्याची तयारी राज्याने ठेवली.

त्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांनी काम मागण्याला हक्काचे रूप दिले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये तो लागू झाला. त्याच्या पैशाची सोयही लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या पगारातून दरमहा कापला जाणारा तो प्रोफेशनल टॅक्स खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी होता. आपल्यापैकी ज्यांनी मुंबई-पुण्यात नोकरी केली, त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर ही ओळ होती. शहराने खेड्याशी असे नाते कायद्याने जोडल्याचे उदाहरण जगात फारसे सापडत नाही. पुढे २००५ साली सबंध देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा त्याच्यापुढे नमुना महाराष्ट्राचा होता.

रोजगार हमीत एक उणीव मात्र राहिली. मजुराला मजुरी मिळाली, पण त्याने खोदलेल्या तळ्याचे पाणी ज्याची जमीन त्याच्याच विहिरीत उतरले. भूमिहीनाच्या हाती पुढच्या वर्षासाठी काही उरले नाही. हा प्रश्न पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी हाती घेतला. पुण्याचे हे उद्योजक दुष्काळ पाहून अस्वस्थ झाले आणि त्यांनी देवस्थानाची सुमारे चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेऊन तिथे पाणी अडवून दाखवले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही कुणाही धोरणकर्त्याने अभ्यासावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचे नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात वाटायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. पाण्यावरचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही. भूमिहीनालाही वाटा मिळेल. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः उचलायचा.

उसाचा नियम कुणाला कडक वाटेल, पण तो का हवा हे महाराष्ट्राकडे पाहिले की कळते. पिकाखालच्या जमिनीचा अगदी लहान भाग उसाखाली आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा तो पितो. दुसरीकडे बीडचे कोरडवाहू शेतकरी दिवाळीनंतर घराला कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून उचल घेतली जाते ती त्या कोयत्यावर. जोडी असली तरच उचल, म्हणून मुलींची लग्ने लवकर उरकली जातात. पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. हजारो ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आले. ज्या गावात पाणी नाही त्या गावातल्या बाईचे शरीरही तिचे उरत नाही. शेतीचे धोरण आणि लोकसंख्येचे धोरण वेगवेगळ्या खात्यांत बसतात. बीडच्या बाईच्या आयुष्यात ती एकच गोष्ट आहे.

आता लोकसंख्येकडे येतो. या बाबतीत महाराष्ट्राने दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीचे विधेयक आपल्या विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. पण त्या काळातल्या जबरदस्तीने कुटुंबनियोजनाचे नावच लोकांच्या मनातून उतरले.

त्याच वेळी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला दुसरी वाट तयार होत होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथे काम सुरू केले. गावागावातल्या बायका त्यांनी निवडल्या. त्यातल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. बाळंतपण, जुलाबावरचे मीठ-साखर-पाणी, लसी, पाळणा लांबवण्याची साधने हे सगळे त्यांना शिकवले आणि औषधांची पेटी त्यांच्या हाती दिली. कामाच्या सुरुवातीला या गावांत जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत जात होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. मुले जगतात अशी खात्री पटली, तशी बायकांनी स्वतःहून मुले थांबवली. १९७८च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात जगाने प्राथमिक आरोग्याची जी दिशा ठरवली, तिच्यामागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता.

संततिनियमनाचा आग्रह र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली केंद्र काढून धरला, तेव्हा समाजाने त्यांना छळले. २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात स्त्रीमागे सरासरी १.७ मुले होती. १९९२-९३ मध्ये ही सरासरी २.९ होती. हा बदल सक्तीने आला नाही. शिकलेल्या मुलींनी, जगलेल्या बाळांनी आणि घरापर्यंत आलेल्या आरोग्यसेविकांनी तो आणला. पण याच राज्यात विशीतल्या दर पाच स्त्रियांपैकी एकीहून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळतात आणि पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी एक वयाच्या मानाने खुजे आहे. तेव्हा काम संपले असे कुणी म्हणू नये.

हक्क हाती आला की गरिबी हटू लागते, हे जगाचा अनुभवही सांगतो. चीनने १९७८ नंतर सामुदायिक शेती सोडून जमीन कसण्याचा हक्क कुटुंबांकडे दिला आणि तिथले दारिद्र्य हटायला सुरुवात झाली ती शेतातून. जागतिक बँकेच्या २००८च्या विकास अहवालाने मान्य केले की शेतीतून आलेली वाढ ही इतर क्षेत्रांतल्या वाढीपेक्षा किमान दुपटीने गरिबी घटवते. १९९०मध्ये जगातल्या दर तीन माणसांमागे एकाहून अधिक माणूस अतिदारिद्र्यात होता. २०१९पर्यंत हे प्रमाण दहात एकाच्या आसपास आले. एवढा मोठा बदल मानवजातीने याआधी कधी पाहिला नव्हता. तो घडू शकतो हे सिद्ध झाले आहे, म्हणूनच जे मागे राहिले त्यांच्याबाबत आपल्याला कोणतीही सबब उरलेली नाही.

पुन्हा मुंबईकडे पाहू. १९९५ नंतर आपल्या राज्याने चारकोपची वाट सोडली आणि झोपडीच्या जागी मोफत सदनिका देणारी योजना स्वीकारली. त्यातून घरे झाली, हे नाकारता येत नाही. पण ती विकासकाला परवडेल तिथे आणि तेव्हाच होतात. लिफ्ट बंद पडलेल्या उंच इमारतीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचा खालचा भाजीचा धंदा सुटतो, आणि घरात एक खोली वाढवायची सोय राहत नाही. शहरात नवे येणाऱ्या गरिबाला कायदेशीर पंचवीस चौरस मीटर जागा विकत घेता येईल अशी एकही योजना आज मुंबईत नाही. चारकोपला आता मेट्रो आली आहे, जागेचे भाव चढले आहेत, बैठ्या घरांच्या पुनर्विकासाची बोलणी अंगणाअंगणात चालू आहेत. तिथल्या कुटुंबांना त्याचा लाभ मिळावा, तो त्यांच्या कष्टाचा आहे. मात्र पुढचे चारकोप कुठे वसवायचे, हा प्रश्न राज्यकर्त्यांना विचारणे आपले काम आहे. ते वसवताना तिवरे राखूनच वसवायचे, कारण २६ जुलै २००५च्या पुराने खाडी आणि नाले बुजवण्याची किंमत आपल्याला दाखवली आहे, आणि ती सर्वांत जास्त गरिबांनीच मोजली.

मित्रहो, आपण इथे राहून महाराष्ट्रासाठी मनापासून पैसे पाठवता. शाळेला संगणक, गावाला रुग्णवाहिका, दुष्काळात टँकर, पुरानंतर धान्य. हे सगळे लागते आणि ते पाठवत राहा. पण माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. दरवर्षी नवे गाव शोधू नका. मराठवाड्यातला किंवा विदर्भातला एक कोरडवाहू तालुका मंडळाने निवडावा. तिथे पाण्यात भूमिहीनांचा वाटा नियमाने लिहून घेणाऱ्या, घर-जमीन बाईच्या नावावर करण्यासाठी झटणाऱ्या, मुलींना बारावीपर्यंत शाळेत टिकवणाऱ्या स्थानिक संस्थेला साथ द्यावी. दोन वर्षांत फोटो काढण्याजोगे काही दिसणार नाही. पाच वर्षांनी कुणीतरी सभेत उठून विचारील की पैसे वाया गेले का. त्या सभेत डगमगू नका. चारकोपला दहा वर्षांनी नापास ठरवणारे चुकले होते. एका तालुक्याला वीस वर्षे द्या, आणि हा ठराव याच वर्षीच्या सर्वसाधारण सभेत करा.