अवकाशातल्या बोगद्याला आधार कशाचा?

पेरूच्या एका अंगाला बसलेल्या मुंगीला पलीकडे जायचे असले, तर ती सालीवरून वळसा घालून जाते. आतली अळी मात्र गर पोखरून सरळ पार होते. दूरच्या ताऱ्याकडे जायला अवकाशातही अशी जवळची वाट असेल काय? प्रश्न गमतीचा वाटेल, पण त्यामागचे गणित पोरखेळ नाही बरं का!

गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश व काळ यांना पडलेला बाक, असे आइन्स्टाइनने १९१५ साली मांडले. त्याच समीकरणांतून १९३५ साली त्याने व नेथन रोझेनने अवकाशाचे दोन भाग जोडणारा एक पूल काढून दाखविला. अशा वाटेला ‘वर्महोल’, म्हणजे किड्याचे बीळ, हे नाव १९५७ मध्ये जॉन व्हीलरमुळे पडले. पण १९६२ मध्ये त्यानेच रॉबर्ट फुलरच्या साथीने दाखविले, की हा पूल इतक्या झटकन मिटतो, की प्रकाशसुद्धा पार होत नाही.

मग तो उघडा ठेवायचा कसा? विहीर खणली आणि बांधून काढली नाही, तर ती ढासळते. इथे मात्र दगड, लोखंड कशाचाच उपयोग नाही. का, ते नीट ध्यानात घ्या. बोगद्यात शिरणारे किरण एकमेकांजवळ येत जातात. पलीकडे निघताना ते पुन्हा फाकले पाहिजेत. आपल्या ओळखीचा पदार्थ किरणांना जवळच आणतो, फाकवीत नाही. या हिशेबाचा पाया कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरींच्या १९५५ च्या समीकरणात आहे. तेव्हा हवे असे द्रव्य, की ज्याची ऊर्जा शून्याहूनही कमी! गुरुजींनी फळ्यावरच्या संख्यारेषेवर शून्याच्या डावीकडे बोट ठेवावे, तिथले. मायकेल मॉरिस व किप थॉर्न यांनी १९८८ मध्ये हे सविस्तर मांडले, आणि तेही भौतिकशास्त्र शिकविणाऱ्यांच्या नियतकालिकात.

असे काही जगात आहे काय? अगदीच नाही असे नव्हे. निर्वातात धातूच्या दोन पट्ट्या अगदी जवळ आणल्या, तर मधल्या पोकळीची ऊर्जा रिकाम्या अवकाशाहून कमी होते व पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात, असे डच शास्त्रज्ञ कासिमीर याने १९४८ साली सांगितले. ती ओढ १९९७ मध्ये नेमकेपणाने मोजली गेली. पण ती केवढीशी! पट्ट्यांचे स्वतःचे वस्तुमान तिला केव्हाच गिळून टाकते. उलट, मीटरभर रुंदीच्या बोगद्याला साध्या हिशेबाने जवळजवळ गुरू ग्रहाएवढे उणे वस्तुमान लागेल. तेवढे कोणी कोठे पाहिलेले नाही, आणि बोगदाही अजून कोणाच्या दुर्बिणीत आलेला नाही.